विजेचा हिमवर्षाव

ब्रिटनच्या हवामान खात्याच्या लेखी नाताळ ‘पांढरा’ ठरायला एकच हिमकण पुरतो. 25 डिसेंबरच्या चोवीस तासांत एखाद्या ठिकाणी एक कण पडताना दिसला, की तशी नोंद होते. जमिनीवर थर साचायची गरज नाही. बर्फ पडताना दिसायला हवा, एवढीच अट. या एका कणावर तिथे दरवर्षी पैजा लागतात.

अंगणात, चर्चच्या आवारात किंवा गावच्या चौकात नाताळचं झाड उभं करणाऱ्यांचं मागणंही बर्फ पडताना दिसावा, हेच असतं. साचलेला बर्फ दाखवणं सोपं आहे. कापूस, थर्माकोलचा चुरा, पांढरा फवारा, काहीही चालतं. पडणारा बर्फ दाखवायचा तर हालचाल हवी, आणि रात्री उघड्यावरच्या झाडावर ती हालचाल फक्त प्रकाशच करू शकतो. त्यामुळे अमेरिका आणि युरोपातल्या अंगणांत ‘स्नोफॉल ट्यूब’ नावाच्या नळ्या लटकू लागल्या. पारदर्शक नळीच्या वरच्या टोकाशी प्रकाशाचा ठिपका उगवतो, खाली घसरतो, तळाशी विझतो. दुकानदार त्यांना ‘मेटिओर’ म्हणजे उल्का असंही म्हणतात. त्याच नळ्या आता आपल्याकडे दिवाळीत बंगल्यांच्या गॅलऱ्यांवर आणि लग्नाच्या मांडवाबाहेरच्या झाडांवर दिसतात.

नळी घ्यायला गेलेला माणूस बहुधा दोनच गोष्टी विचारतो: दिवे किती आणि उजेड किती. खोक्यावरही हेच दोन आकडे सर्वांत मोठे छापलेले असतात. पण हा परिणाम जमतो तो उजेडाच्या नव्हे, गतीच्या जोरावर. गती चुकली तर सर्वांत महाग संचही बर्फासारखा दिसत नाही. आणि गती बरोबर असेल तर आठ नळ्यांत झाडाचं रूप पालटतं.

हातात घेतली तर ही नळी साधी वस्तू आहे. बोटाएवढी जाड, लांबी 30, 50 किंवा 80 सेंटिमीटर. आत सर्किटची अरुंद पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना ओळीने बसवलेले चिमुकले एलईडी. खाली बूच, वर टोपी, टोपीतून बाहेर पडणारी वायर. बाजारात सर्रास मिळणाऱ्या 30 सेंटिमीटरच्या आठ नळ्यांच्या संचात 144 एलईडी असतात, म्हणजे नळीमागे 18. पट्टीवर बसवलेली चिप एकेक एलईडी क्रमाने लावत जाते आणि आधीचा एकदम न विझवता हळूहळू मंद करते. त्या मंदावण्यातून मागे शेपूट तयार होते. स्वस्त नळीत ही शेपूट नसते. दिवा लागतो, विझतो, पुढचा लागतो. ती नळी जवळून पाहिली तर ठिपके उड्या मारताना दिसतात आणि लांबून पाहिली तर नुसती लुकलुक.

झाडावरच्या दिव्यांना हलवण्याची हौस विजेच्या दिव्याइतकीच जुनी आहे. 1882 सालच्या नाताळात एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी विजेच्या दिव्यांचं पहिलं झाड उभं केलं. लाल, पांढरे आणि निळे असे 80 दिवे त्यांनी हाताने जोडून घेतले होते. झाड एका पेटीवर ठेवलेलं होतं आणि विजेच्या जोरावर सावकाश फिरत होतं. प्रत्येक फेऱ्यात दिवे विझत आणि पुन्हा लागत, रंग आलटून पालटून समोर येत. जगातलं विजेचं पहिलं नाताळझाड स्थिर नव्हतंच! मेणबत्तीची ज्योत निदान थरथरते. विजेचा दिवा निश्चल असतो. त्याला हलवल्याशिवाय झाडात जीव येणार नाही, हे जॉन्सन यांनी पहिल्याच वर्षी ओळखलेलं दिसतं.

पुढे झाड घराबाहेर आलं. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये सर्वांसाठी सार्वजनिक झाड लागलं. 1923 मध्ये वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी बटण दाबून व्हरमाँटहून आणलेल्या 48 फुटी झाडावरचे अडीच हजार दिवे लावले. रॉकफेलर सेंटरचं झाड 1931 मध्ये बांधकामावरच्या मजुरांनी मंदीच्या काळात आपापसांत उभारलं. अधिकृत दीपसोहळा 1933 पासूनचा. आज त्या झाडावर सुमारे पाच मैल वायरीवर 50 हजार एलईडी असतात. हे दिवे 2007 मध्ये एलईडीचे झाले, तेव्हा रोजचा वापर 3,510 युनिटवरून 1,297 युनिटवर येईल असं सांगितलं गेलं होतं.

एलईडीने फक्त बिल कमी केलं असं नाही. जुना तारेचा बल्ब तापायला आणि निवायला वेळ घेतो, सेकंदाच्या बारीक तुकड्यांत त्याची उघडझाप करता येत नाही. एलईडी हुकमी लागतो आणि हुकमी विझतो. त्यातही पांढरा एलईडी मिळाला तो निळा एलईडी जमल्यावरच. 1990 च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी तो चांगला उजळ करून दाखवला आणि इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बाजारातला बहुतेक पांढरा एलईडी म्हणजे पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेला निळा एलईडीच. नाताळच्या नळीतला निळसर पांढरा रंग तिथूनच येतो.

खरं तर नळीत काहीच पडत नसतं. प्रत्येक दिवा आपल्या जागी लागतो आणि विझतो. पडणं बघणाऱ्याच्या मेंदूत घडतं. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने 1912 मध्ये यावर प्रबंध लिहिला. फ्रँकफर्टमध्ये त्याने शेजारशेजारच्या दोन रेषा एकामागोमाग दाखवल्या. मधला वेळ फार कमी असेल तर दोन्ही एकदमच दिसतात. फार जास्त असेल तर एक गेली आणि दुसरी आली असं दिसतं. मधल्या एका पट्ट्यात, सेकंदाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या भागाच्या आसपास, एकच रेषा इकडून तिकडे सरकल्याचा भास होतो. सिनेमा याच भासावर उभा आहे आणि नळीतला बर्फही.

मग खरा बर्फ किती वेगाने पडतो? जपानमध्ये होक्काइडोला उकिचिरो नाकाया यांनी 1930 च्या दशकात हिमकणांचा कसून अभ्यास केला. प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक पहिल्यांदा वाढवला तोही त्यांनीच, 1936 मध्ये. निरनिराळ्या कणांचा पडण्याचा वेग त्यांनी मोजला. चपटा, चांदणीच्या आकाराचा नाजूक स्फटिक सेकंदाला साधारण 30 सेंटिमीटर उतरतो. घट्ट गारेसारखा कण दोन मीटरच्या जवळ जातो. एकमेकांना चिकटून झालेले मोठे पुंजके, म्हणजे सिनेमात दिसतो तो बर्फ, सेकंदाला एक मीटरच्या आगेमागे पडतात. पावसाचा मोठा थेंब मात्र सेकंदाला आठ-नऊ मीटरने आदळतो. ज्याने आयुष्यभर पाऊसच पाहिला आहे त्याच्या डोळ्यांना बर्फाचा हा संथपणा आधी विचित्र वाटतो आणि मग त्यावरून नजर हटत नाही.

आता हा हिशेब नळीला लावून पाहावा. 50 सेंटिमीटरच्या नळीत ठिपका वरून खाली यायला अर्धा सेकंद लागला, तर वेग बर्फाचा. सेकंदाच्या सहाव्या भागातच तो तळाला पोचला, तर वेग सेकंदाला तीन मीटर झाला आणि झाडावर पावसाची सर दिसू लागली. दुकानात हे तपासायला यंत्र लागत नाही. मोबाइलवर साधा व्हिडिओ घ्यावा, बहुतेक फोन सेकंदाला 30 चित्रं टिपतात. मग एकेक चित्र पुढे सरकवत ठिपका किती चित्रांत खाली आला ते मोजावं. 50 सेंटिमीटरच्या नळीला पंधराच्या आसपास चित्रं लागली पाहिजेत, 30 सेंटिमीटरच्या नळीला नऊ-दहा. पाच-सहा चित्रांत काम आटोपत असेल तर ती नळी उल्केच्या नावाने विकावी, बर्फाच्या नावाने नको. वेग बदलायची सोय असलेले संच थोडे महाग पडतात. या वस्तूत पैसे घालायची खरी जागा तीच.

दुसरी गोष्ट एकसाथपणाची. आठही नळ्यांत ठिपका एकाच क्षणी सुटून एकाच क्षणी तळाला पोचत असेल, तर बर्फाऐवजी कवायत दिसते. निसर्गात दोन कण एकत्र सुटत नाहीत. ज्या संचात प्रत्येक नळीला स्वतःची चिप असते, तिथे थोड्याच वेळात नळ्या एकमेकींच्या आगेमागे होतात आणि पडणं विस्कळीत होतं. तेच हवं असतं. म्हणून दुकानात संच दोन-तीन मिनिटं चालू ठेवायला सांगावा. पहिल्या मिनिटात एका ओळीत चालणाऱ्या नळ्या तिसऱ्या मिनिटाला कशा चालतात, ते पाहूनच ठरवावं. दोन ठिपक्यांमधली विश्रांतीही पाहावी. ठिपका विझल्यावर नळी क्षण-दोन क्षण काळोखी राहिली पाहिजे, नाहीतर गळक्या नळासारखी संततधार वाटते.

रंगाच्या बाबतीत मतं वेगळी असू शकतात, पण झाडावरचे स्थिर दिवे पिवळसर आणि पडणारे ठिपके थंड पांढरे, ही जोडी सर्वांत चांगली दिसते. पिवळसर म्हणजे खोक्यावर 2700 ते 3000 के (केल्विन) लिहिलेले, थंड म्हणजे 6000 के आणि त्यावरचे. उबदार उजेडातून गार ठिपका उतरला की डोळा त्याला वेगळा काढतो. दोन्ही एकाच छटेचे घेतले तर पडणारा ठिपका स्थिर दिव्यांच्या गर्दीत हरवतो. रंगीबेरंगी ठिपके लहान मुलांना आवडतात आणि वाढदिवसाला शोभतात. बर्फ हवा असेल तर ते टाळावेत. गडद निळ्या नळ्यांनी तर झाड पेट्रोल पंपाच्या फलकासारखं दिसू लागतं.

स्थिर दिव्यांची माळ झाडाभोवती गोल गुंडाळायची सवय सगळीकडे आहे. पडणाऱ्या बर्फाला ती मारक ठरते, कारण डोळा आडव्या वेटोळ्यांमागे जातो. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात 1947 पासून दरवर्षी नॉर्वेहून झाड येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीबद्दल ऑस्लो शहराची ती कृतज्ञतेची भेट. त्या झाडावर नॉर्वेच्या पद्धतीने पांढरे दिवे उभ्या ओळींत सोडलेले असतात. शेंड्यापासून बुंध्याकडे सरळ येणाऱ्या ओळी, बाकी काही नाही. ज्याला नळ्या लावायच्या असतील त्याने स्थिर माळांसाठी ही पद्धत उचलावी. उभ्या ओळींच्या मधल्या काळोख्या पट्ट्यांत नळ्या टांगल्या की पडण्याची दिशा आणि दिव्यांची दिशा एक होते.

नळीची लांबी झाडाच्या उंचीवरून ठरवावी. सहा-सात फुटांच्या झाडाला 30 सेंटिमीटर पुष्कळ झाले. त्याहून लांब नळ्या फांद्यांच्या खाली लोंबतात. पंधरा-वीस फुटांना 50. त्यापुढे 80, कारण रस्त्यावरून पाहणाऱ्याला लहान नळीतली हालचाल नुसती चमक वाटते. संख्येत हात आखडता घ्यावा. रिकाम्या जागेतून एक कण उतरताना दिसला, तरच तो कण वाटतो.

काही झाडं या कामासाठीच जन्माला आल्यासारखी असतात. ज्याच्या फांद्या टोकाशी खाली झुकतात त्या झाडावर नळी आपोआप लोलकासारखी सरळ राहते आणि खोडापासून सुटी असते. आपला देवदार असा आहे. लॉस एंजलिसजवळच्या आल्टाडेना गावात सांता रोझा अव्हेन्यू या रस्त्यावर हिमालयातल्या या झाडाच्या लांबलचक रांगा आहेत. 1880 च्या दशकात तिथल्या एका जमीनमालकाने ती लावली आणि 1920 पासून नाताळात त्यांच्यावर रंगीत दिवे लागतात. लोक गाड्यांचे दिवे मंद करून तिथून सावकाश जातात. जानेवारी 2025 च्या वणव्यात आल्टाडेनाचा मोठा भाग जळला. हे देवदार मात्र बहुतांशी वाचले. बर्फाळ डोंगरातून आलेलं झाड, आणि ते रुजलं अशा गावात जिथे नाताळात बर्फाची आशाच नाही.

जिथे बर्फ पडत नाही तिथे तो पाडायची हौस जास्त, हे साहजिक आहे. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये नाताळाच्या दिवसांत रात्री साबणाच्या फेसाचा ‘बर्फ’ पाडतात. अंगणात फेसाचं यंत्र सहसा कोणी लावत नाही. तिथे नळीला स्पर्धा आहे ती प्रोजेक्टरची. जमिनीत खोचलेला लहान प्रोजेक्टर भिंतीवर किंवा झाडावर पांढरे ठिपके फिरवतो. शिडी नको, वायरीचं जाळं नको, दहा मिनिटांत काम. घराच्या सपाट भिंतीवर तो छान दिसतो. झाडावर मात्र निम्मे ठिपके पानांच्या फटींतून मागे निघून जातात, आणि उरलेले पुढच्या-मागच्या फांद्यांवर वेगवेगळ्या आकाराचे पडतात. एलईडीच्या प्रोजेक्टरने एवढंच नुकसान होतं. लेझरच्या प्रोजेक्टरची गोष्ट गंभीर आहे. झाडाच्या शेंड्यावरून निसटलेला किरण आकाशात दूरवर जातो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडे नाताळाच्या दिव्यांतले लेझर वैमानिकांच्या डोळ्यांवर आल्याच्या तक्रारी गेल्या आहेत आणि लोकांनी प्रोजेक्टरचा रोख घराकडेच ठेवावा असं या प्रशासनाने बजावलं आहे. विमानतळाच्या टप्प्यात राहणाऱ्याने लेझर घेऊच नये.

हौशी मंडळी याच्याही पुढे गेली आहेत. अमेरिकेत झाडावरच्या प्रत्येक दिव्याला स्वतंत्र हुकूम देता येणाऱ्या ‘पिक्सेल’ माळा लोकप्रिय आहेत. डब्ल्यूएस 2811 सारख्या चिपा आणि ‘एक्सलाइट्स’ नावाची फुकट मिळणारी प्रणाली घेऊन लोक अख्खं झाड पडद्यासारखं वापरतात. त्यात हिमकणांचा आणि उल्कांचा परिणाम तयारच असतो; वेग, दाटी, शेपटीची लांबी सगळं बोटाने बदलता येतं. आवड असेल त्याला यासारखा आनंद नाही. ज्याला डिसेंबरच्या एका रविवारी दुपारी काम संपवायचं आहे त्याने नळ्याच घ्याव्यात.

उघड्यावरच्या दिव्यांचा खरा शत्रू पाणी. खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. 44 म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे चालतील. 65 म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याची धारही चालेल. 67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी बेहत्तर. गोम अशी, की ठळक छापलेला 65 बहुतेक वेळा नुसत्या नळीचा असतो. अडॅप्टर 44 चा असतो, आणि दोन संच जोडायच्या पिनेवर काहीच लिहिलेलं नसतं. पाणी शिरतं ते नेमकं तिथेच, नाहीतर टोपी आणि वायर यांच्या सांध्यातून. म्हणून घेताना टोपी चिमटीत धरून वायर हलकेच ओढावी. वायर हलली किंवा सांध्यात फट दिसली तर नळी परत ठेवावी. जोडणीच्या पिनेला आत रबराची चकती आणि बाहेर आटे असलेलं झाकण हवं. पिना नुसत्या एकमेकींत खुपसायच्या असतील तर पहिल्याच पावसात तांब्यावर हिरवं चढतं.

अडॅप्टर जमिनीवर ठेवू नये. सॉकेटकडे जाणारी वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. अमेरिकेत घराबाहेरच्या प्लगला जीएफसीआय लागतो, जो साधारण पाच मिलिॲम्पिअर गळतीलाच वीज तोडतो. आपल्याकडे घरात बसवतात तो आरसीसीबी बहुधा तीस मिलिॲम्पिअरचा असतो. तो नसेल तर बाहेरच्या झाडावर थेट 230 व्होल्टची माळ चढवूच नये. कमी व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा संच घ्यावा.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या माळांचाही इथे विचार करायला हवा. अमेरिकेत 120 व्होल्ट, भारतात 230. तिथल्या साध्या माळेत 50 छोटे दिवे एकामागोमाग जोडून प्रत्येकी अडीच-अडीच व्होल्ट वाटून घेतलेले असतात. ती माळ इथल्या बोर्डात लावली तर क्षणभर डोळे दिपतात आणि मग सगळं संपतं. अडॅप्टरवाल्या संचाच्या अडॅप्टरवर ‘100-240’ असं लिहिलेलं असेल तर चिंता नाही, नुसती पिन बदलावी लागते.

बर्फाळ मुलखात आणखी एक अडचण निघते, आणि ती एलईडीच्या गुणातूनच आलेली आहे. जुने बल्ब तापत. त्यांच्यावर पडलेला बर्फ वितळून जाई. एलईडीचा समोरचा भाग जवळजवळ गारच असतो. अमेरिकेच्या थंड राज्यांत वाहतुकीचे सिग्नल एलईडीचे झाल्यावर ते बर्फाने झाकले जाऊ लागले, ते याच कारणाने. झाडावरही तेच होतं: खरा बर्फ पडला की विजेचा बर्फ दिसेनासा होतो. फांदीवर आडवी बांधलेली नळी पहिल्याच रात्री गाडली जाते; सरळ टांगलेली नळी बर्फ झटकते. वारा असेल तर नळ्या एकमेकींवर आपटतात, म्हणून दोन नळ्यांत निदान नळीच्या लांबीइतकं अंतर ठेवावं. कडाक्याच्या थंडीत स्वस्त वायरीचं वेष्टण ताठरून तडकतं. अशा वायरी घरात ऊब देऊन मगच सोडवाव्यात.

सौर नळ्यांचा मोह पडतो, कारण प्लगच लागत नाही. लंडनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस आठ तासांचाही नसतो आणि तेवढ्यातही सूर्य छपरांच्या वर जेमतेम येतो. ढगाळ आठवड्यात असा संच रात्रीच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकत नाही. याच्या उलट मुंबई-गोव्याकडे त्या दिवसांत जवळपास अकरा तासांचा दिवस, निरभ्र आभाळ आणि पाऊस नाही. सौर हिमवर्षाव युरोपपेक्षा कोकणातच चांगला चालतो! वसईच्या वाड्यांत आणि गोव्याच्या वाड्यांवर नाताळात घरोघर येशूजन्माचे गोठे होतात, कागदी चांदण्या टांगल्या जातात. तिथल्या अंगणातल्या झाडावर सौर नळ्या लावायला हरकत नाही. पाऊस नसला तरी समुद्राची खारी हवा आणि पहाटेचं दव यांनी पिना गंजतात, म्हणून जोडणीची काळजी तिथेही घ्यावीच लागते.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत दिवाळीच्या आधी गेलं, तर हा माल चालू करून दाखवतात. गर्दी असते, पण वेग आणि विस्कळीतपणा डोळ्यांनी पाहता येतो, सांधा हाताने तपासता येतो. ऑनलाइन घेताना यातलं काहीच जमत नाही, कारण तिथला व्हिडिओ हवा तसा मंद किंवा जलद केलेला असू शकतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना तर हा खर्च दोन सणांना पुरतो. दिवाळीला लावलेली रोषणाई तिथे नाताळ उलटेपर्यंत ठेवता येते, शेजारीही तोवर आपली लावतात. मात्र दिवाळीच्या संध्याकाळी उबदार हवेत बांधलेल्या नळ्यांना पुढे हिमवादळ सोसायचं आहे, हे ध्यानात ठेवून गाठी मारायला हव्यात.

गाठी मारताना शिडी आली. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या सांगण्यानुसार नाताळाच्या हंगामात सजावट करताना दिवसाला सुमारे 160 जण जखमी होऊन दवाखान्यात जातात आणि त्यात जवळपास निम्मे पडून. हाताला येत नाही ती फांदी सोडून द्यावी, किंवा टोकाला आकडा बांधलेल्या बांबूने नळी चढवावी. खिळे आणि स्टेपल जिवंत झाडाला मारू नयेत. प्लॅस्टिकच्या क्लिपा किंवा सैल सुती दोरी पुरते.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. नासाच्या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये उपग्रहाच्या नोंदी पाहून दाखवलं, की थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या काळात अमेरिकेतली अनेक शहरं आणि उपनगरं रात्री 20 ते 50 टक्के अधिक उजळ दिसतात. अंगणातला उजेड अवकाशात पोचतो, तर समोरच्या घरातल्या झोपलेल्या मुलाच्या खोलीत पोचणारच. पडणाऱ्या ठिपक्याची हालचाल खिडकीच्या पडद्यावर स्थिर दिव्यापेक्षा जास्त त्रास देते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे दिवे अपस्माराच्या काही रुग्णांना धोक्याचे असतात, त्यामुळे ‘स्ट्रोब’ची कळ असलेला संच घेतला तरी ती कळ वापरू नये. साधा टायमर घेऊन रात्री साडेदहाला सगळं बंद करावं. झाडावर विसाव्याला आलेल्या पक्ष्यांनाही तेवढाच काळोख मिळतो.

उतरवायचा दिवस ख्रिस्ती परंपरेत ठरलेला आहे. 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत सजावट राहते. गोव्यात रेइश मागुश आणि चांदोर इथे त्या दिवशी मोठा उत्सव असतो. नळ्या उतरवताना वायर ओढू नये, प्रत्येक नळी टोपीला धरून सोडवावी. ओल्या नळ्या खोक्यात घातल्या तर पुढच्या वर्षी निम्म्या लागत नाहीत, म्हणून दोन दिवस घरात सुकू द्याव्यात. मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ओळीने झोपवून वायर सैल गुंडाळावी. अडॅप्टरवर कागदी चिकटपट्टी लावून तो कुठल्या संचाचा आणि किती व्होल्टचा ते पेनाने लिहावं, कारण 24 व्होल्टच्या नळ्यांना 31 व्होल्टचा अडॅप्टर बिनबोभाट बसतो आणि पहिल्याच संध्याकाळी चिपा जाळतो.